ओठांवरचा सुरुंग

चैत्र सरता सरता माणदेशाच्या माळावरच्या उजेडाला धार येते. गवत करपलेले, ओढे आटलेले, आणि क्षितिजापर्यंत पसरलेली काळीसावळी, तापलेली, तहानलेली पाषाणभूमी. त्या निष्पर्ण, निःशब्द विस्तारात एखादीच सावर उभी असते. दुपारच्या उन्हात तिची बोंडे एकेक करून उकलतात. कवच तडकते, आतला शुभ्र, मृदू, निर्भार कापूस बाहेर येतो आणि वारा त्याला उचलून नेतो. कुणाच्याही कानावर काही पडत नाही. पण तोही स्फोटच.

किती मोठा शब्द आहे हा, आणि आपण त्याला किती लहान करून ठेवले आहे. वर्तमानपत्रांनी त्याला धुराचा वास लावला. कुणी तो लोकसंख्येला जोडला, कुणी गुपितांना. पण मराठीने त्याच मुळापासून एक साधे, घरगुती, परकर नेसलेले क्रियापद केव्हाच घडवून ठेवले होते. पूर्वेला तांबडे फुटते. फांदीला पालवी फुटते. खडकाला पाझर फुटतो, आईला पान्हा फुटतो, रुसलेल्या ओठांवर हसू फुटते. आणि ज्याला बोलता येत नाही त्याला, भाग्य असेल तर, वाचा फुटते.

पुतळाला ती विसाव्या वर्षी फुटली. त्याची ही हकीकत.

पुतळा विहिरी पाडणाऱ्या यल्लाप्पाची एकुलती लेक. यल्लाप्पाचे घर म्हणजे एक पाल. जिथे विहिरीचे काम, तिथे ते उभे राही. पाल, दगड वर ओढायची यारी, चार पहारी, एक धाकटा भाऊ तिम्मण्णा, आणि कामाला येतील ती दोन माणसे. एवढ्या संसारानिशी यल्लाप्पाने तीस वर्षांत या तहानलेल्या मुलखाला शेकड्याने पाणवठे दिले होते.

त्याचे काम पाहत राहावे असे होते. आधी तो खडकावर तळवा ठेवी. नुसता ठेवी, जसा वैद्य नाडीवर बोट ठेवतो. दगडाची नस कुठे जाते, तो कुठे अडून बसला आहे, कुठे मऊ आहे, हे त्या तळव्याला कळे. मग तो नेमक्या जागी भोके पाडून घेई, प्रत्येकात सुरुंगाच्या दारूचा तोटा बसवी, वात सोडी, आणि वरून ओल्या मातीचा डाट घाली. हा डाट तो कुणाला घालू देत नसे. बोटांनी, मग लाकडी दांडक्याने, पुन्हा बोटांनी, तो माती ठासत राही. कारण डाट सैल राहिला तर सारे बळ तोंडावाटे निघून जाते, भुस्स असा आवाज होतो आणि खडक जागचा हलत नाही. त्याला ही माणसे फुसका बार म्हणतात. यल्लाप्पाचा बार फुसका गेल्याचे कुणाला आठवत नव्हते.

पण या विद्येने आपले मोल घेतले होते. बारामागून बार, विहिरीमागून विहीर, त्याच्या कानांतले जग थोडेथोडे विझत गेले. आधी पाखरे गेली, मग पाऊस, मग माणसे. चाळिशी उलटली तेव्हा यल्लाप्पा पुरता बहिरा झाला होता.

आणि पुतळाला बोलता येत नव्हते.

मुकी नव्हती ती. ओठ रेखीव, दात शुभ्र, डोळे पाण्याने भरलेल्या रांजणासारखे गहिरे. पण जन्मतःच तिची टाळू दुभंगलेली होती. शब्द ओठांपर्यंत येण्याआधीच त्यातला श्वास त्या फटीतून नाकाकडे पळे आणि अक्षरांचा आकार गळून पडे. ‘प’ म्हणायला जावे तर ‘म’ निघे, ‘त’ म्हणायला जावे तर ‘न’. स्वतःचे नाव ती सांगे, मुनळा. बाजारात पोरी हसत. मागणी घालायला आलेले लोक चहा पिऊन उठून जात.

आई दुर्गव्वा ती चार वर्षांची असतानाच गेली. तेव्हा यल्लाप्पाला अजून थोडेसे ऐकू येत होते. पोर त्याला आप्पा म्हणून हाक मारायची, आणि तिच्या तोंडून निघायचे, आम्मा. त्यांच्या घरच्या बोलीत तो आईला हाक मारायचा शब्द. तिम्मण्णा तिला सुधारू पाहायचा. यल्लाप्पाने त्याला हाताने थांबवले होते.

पुढे त्याचे कान गेले आणि बाप-लेकींनी हातांची एक भाषा केली. मूठ म्हणजे दगड, थरथरती बोटे म्हणजे पाणी, छातीवर तळवा म्हणजे घर. त्या भाषेत ती भांडत, हसत, स्वयंपाकाचे बेत करत. दोघांचे काही अडत नव्हते.

अडले ते एका पावसाळ्यानंतर, एका गवताळ पाणंदीवर. पुतळा तेव्हा सोळा वर्षांची होती.

बार उडवण्याआधी कुणीतरी टेकाडावर उभे राहून हाक द्यायची असते. या टोळीची हाक ठरलेली होती: सुरुंग हाय, परत फिरा. ते काम तिम्मण्णाचे. पण त्या दिवशी तो पाणी आणायला गेला होता, म्हणून पुतळा उभी राहिली. वात पेटली. यल्लाप्पा वर येऊन आडोशाला बसला. आणि तेवढ्यात पाणंदीच्या वळणावरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. साळूबाई तिचे नाव. पलीकडच्या वस्तीवर एकटी राहणारी, दोन म्हशींवर गुजराण करणारी.

पुतळाने जिवाच्या आकांताने हाक दिली. परत फिरा, परत फिरा.

पण ‘प’ ओठांवर थांबला नाही, ‘त’ जिभेवर थांबला नाही. वाऱ्यावरून साळूबाईच्या कानी पडले ते एवढेच: मरन... मरन... एक कोवळी, फाटलेली, व्याकुळ किंकाळी. आणि टेकाडावर हात हलवत उभी असलेली एक पोर.

साळूबाईने भारा खाली टाकला आणि ती धावली. मागे नव्हे, पुढे. पोरीकडे.

उडालेला धोंडा तिच्या डाव्या पायावर बसला आणि नडगीचे हाड मोडले.

त्या दिवसापासून पुतळाने तोंड मिटले. बापाशी हातांनी बोलावे, बाकी जगाशी बोलूच नये. चार वर्षे तिच्या गळ्यातून एक स्वर बाहेर आला नाही. उखळात पाणी साचून राहावे तसा तिचा आवाज आत साचून राहिला, अचल, अंधारा, गार.

आता साळूबाईचे सांगायचे. तिचा पाय वाकडा जुळला. तीन वर्षे ती काठी टेकत चालली, आणि शेवटी तो पुन्हा बसवून घ्यायला मिरजेच्या एका दवाखान्यात गेली. तिथल्या बाकावर, आपल्या पाळीची वाट पाहत असताना, तिच्या कानावर एका लहान मुलीचे बोलणे पडले. आईला काहीतरी सांगत होती, नाकातून, अक्षरे हरवत. साळूबाई एकदम सावरून बसली. हा आवाज तिने ऐकला होता. तिने त्या आईला विचारले, आईने सांगितले की टाळू शिवता येते. मोठेपणीही शिवता येते. पैसे पडत नाहीत.

पाय काही सरळ झाला नाही, पण घरी परतल्यावर साळूबाई यल्लाप्पाचे पाल शोधत निघाली. दोन तालुके पालथे घातले तिने. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एका अर्ध्या विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली, तेव्हा पुतळा तिला ओळखून पालात शिरली आणि कोपऱ्यात तोंड झाकून बसली.

साळूबाई आत गेली. तिच्याजवळ जमिनीवर बसली, पाय लांब करून, कारण तो पाय आता मुडपत नव्हता.

“मला वाटलं, कुणीतरी मरतंय,” ती म्हणाली. “म्हणून धावले मी. आन् तू तर मला वाचवत हुतीस. तुझी चूक न्हाई ती, लेकी. तुझी हाक माझ्यापतुर आली. तिच्यातला शबूद तेवढा वाटंत सांडला.”

यल्लाप्पा राजी होत नव्हता. लेकीच्या तोंडात सुरी जाणार, या कल्पनेनेच तो गोऱ्यामोऱ्या झालेल्या चेहऱ्याने डोके हलवत राहिला. आमचे काय अडले आहे, असे त्याचे हात विचारत होते. बहिऱ्याला समजवायचे कसे? साळूबाईने फार वेळ घालवला नाही. तिने लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि आपला वाकडातिकडा, व्रण उमटलेला, काळवंडलेला पाय कंदिलाच्या उजेडात ठेवला. मग पुतळाच्या तोंडाकडे बोट केले. मग पुन्हा पायाकडे.

यल्लाप्पा त्या पायाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने वळकटी बांधली.

टाळू शिवली गेली. जखम भरली. आणि पुतळा तोंड उघडून बोलली तेव्हा तेच निघाले: मुनळा. यल्लाप्पाने साळूबाईच्या पडलेल्या चेहऱ्यावरून ते ओळखले.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, अस्मा शिकलगार. तिशीच्या, हळू बोलणाऱ्या, कुणाला घाई न करणाऱ्या. त्यांनी पुतळाच्या नाकाखाली एक छोटा आरसा धरला आणि तिला ‘प’ म्हणायला सांगितले. आरशावर वाफेचा एक पुसट ढग उमटला. मग त्यांनी आरसा स्वतःच्या नाकाखाली धरला आणि ‘प’ म्हटले. आरसा स्वच्छ, निरभ्र राहिला. मग त्यांनी कागदाची एक अरुंद पट्टी ओठांपुढे धरली. त्यांच्या ‘प’सरशी ती टणकन उडाली. पुतळाच्या ओठांपुढे ती नुसती लोंबत राहिली.

हे सारे यल्लाप्पा कोपऱ्यातून पाहत होता. एक अक्षरही त्याला ऐकू येत नव्हते. तो उठला, जवळ आला, आरशावरच्या त्या विरत्या ढगावर बोट ठेवले. मग पट्टीवर. मग तो मोठ्याने बोलला, कारण बहिरी माणसे मोठ्यानेच बोलतात.

“बार फुसका जातोय, मॅडम. डाट आता बसलाय, पर ठासायचं हिला ठावं न्हाई.”

अस्मा मॅडमनी आरसा खाली ठेवला. मग त्यांनी पुतळाला सांगितले, आणि पुतळाने हातांनी बापाला सांगितले, की आप्पांनी बरोबर ओळखले. की त्यांच्या पुस्तकात या अक्षरांचे नावच स्फोटक आहे. श्वास अडवायचा, दाबून धरायचा, आणि एकदम सोडायचा. प, ब, त, द, ट, ड, क, ग. सगळे लहान लहान स्फोट. माणूस दिवसभर बोलतो म्हणजे ओठांवर, दातांमागे, घशात हजारो बार उडवत असतो, आणि कुणाला इजा होत नाही.

यल्लाप्पाने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. त्याच्या परवान्याच्या कागदावर तोच शब्द होता, स्फोटके. पोलीस ठाण्यात तो शब्द नेहमी दरडावून उच्चारला जाई. त्याच शब्दाला असे मऊ, असे मुलायम, असे माणसाच्या ओठांवरचे घर आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

“म्हंजे आमचंच काम,” तो म्हणाला, आणि कागदाची ती पट्टी मागून घेऊन मुंडाशात खोचली.

आठ महिने गेले. पाल हलत राहिले, विहिरी पडत राहिल्या, आणि रोज सकाळी, भाकरी थापायच्या आधी, बाप-लेक समोरासमोर बसत. तो पट्टी धरी. ती ओठ मिटे. इतरांनी कदाचित तिला दया दाखवली असती, जवळपास आले असे म्हटले असते. यल्लाप्पाला तसे फसता येत नव्हते, कारण त्याला ऐकूच येत नव्हते. पट्टी हलली तर हलली; नाही तर नाही. तो मान हलवी, पुन्हा धरी. कधी तिच्या गालांवर अंगठा आणि बोट ठेवून दाखवी: इथे दाब, इथे धर, सोडू नको, अजून सोडू नको. वीस वर्षे श्वासाने एकच वाट तुडवली होती. त्याला नवी वाट दाखवायची होती. ती चिडे, रडे, पट्टी हिसकावून चुलीत टाकी. तो बिडीच्या पुडक्याचा कागद फाडून नवी करी. महिन्यातून एकदा मिरजेला जावे, अस्मा मॅडमनी पाहावे, जीभ कुठे ठेवायची ते दाखवावे, आणि परत येऊन पुन्हा तेच: मिटलेले ओठ, लोंबता कागद, आणि निश्चल, निग्रही, निःस्पंद तो बाप.

मग पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी पट्टी उडाली.

यल्लाप्पाचा हात हलला नाही. त्याने दुसऱ्या हाताचे एक बोट वर केले: आणखी एकदा. पट्टी उडाली. आणखी एकदा. पट्टी उडाली. पुतळाच्या डोळ्यांत भीती होती, कारण तिला तो आवाज ऐकू आला होता. एक कोरडा, गोल, टपोरा आवाज, जो आजवर इतरांचा होता. तिने हळूच आपले नाव घेतले. पुतळा. मग थांबली. मग बापाकडे पाहून म्हणाली, “आप्पा.”

पलीकडे तिम्मण्णा पहार परजत होता, ती त्याच्या हातून खाली पडली. पोर काय म्हणाली, ते त्याने भावाला खुणांनी सांगितले, दोनदा सांगितले.

यल्लाप्पाने पट्टी मुंडाशात खोचली. मग म्हणाला, “आम्मा म्हणायचीस, तेबी खोटं नव्हतं.”

त्या दिवसापासून ती बोलू लागली. आधी भांड्यांशी, मग तिम्मण्णाशी, मग साळूबाईशी, जी महिना-पंधरा दिवसांनी ताक घेऊन येई आणि तास तास नुसती ऐकत बसे. पण हाक द्यायला पुतळा तयार नव्हती. ओठांपुढच्या कागदावर शब्द उमटणे वेगळे, आणि वाऱ्यातून, उन्हातून, माळाच्या एवढ्या मोठ्या पोकळीतून तो कुणापर्यंत पोहोचणे वेगळे. आप्पाने विचारले की ती आपल्या डाव्या नडगीवर हात ठेवी. तो पुन्हा विचारत नसे.

पुढच्या चैत्रातली गोष्ट. नव्या विहिरीच्या दोन्ही अंगांनी वाटा जात होत्या, आणि कामाची दोन माणसे लग्नाला गावी गेली होती. पूर्वेच्या वाटेवर तिम्मण्णा गेला. पश्चिमेला कुणी नव्हते. पुतळाने कुणाला विचारले नाही. लाल फडके उचलले आणि ती पश्चिमेच्या टेकाडावर जाऊन उभी राहिली.

तिने दूरवर पाहिले. वाट मोकळी होती. फडके वर केले. तिम्मण्णाचेही वर झाले. यल्लाप्पाने विहिरीत वाती पेटवल्या, दोराने वर आला, आडोशाला बसला. आणि तेवढ्यात, ओढ्याच्या खोल घळीतून, जिथे कुणाची नजर पोहोचत नव्हती, एक मेंढपाळ वर आला. त्याच्या मागे मेंढरे. काळी, पांढरी, तपकिरी, मातकट. घळीतून उकळी फुटल्यासारखी येतच राहिली, आणि विहिरीच्या रोखाने पसरू लागली.

यल्लाप्पाने ती पाहिली. वाती आता त्याच्या हातात नव्हत्या. तो उभा राहिला, आणि त्याची नजर लेकीकडे गेली.

त्याला दिसली ती एक सडपातळ, ताठ, उन्हात तळपणारी आकृती. तिने फडके टाकून दिले होते. हात हलवत नव्हती ती. दोन्ही हात तोंडाभोवती धरले होते. तिची छाती भरली. तिचे ओठ मिटले. क्षणभर, त्या भरल्या, बांधल्या, ठासलेल्या क्षणभर, ते मिटलेलेच राहिले.

“सुरुंग हाय! परत फिरा!”

त्याला काही ऐकू आले नाही. लेकीचे तोंड उघडलेले त्याने पाहिले. त्यातून ‘परत’ निघाले की ‘मरन’, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याने मेंढपाळाकडे पाहिले. मेंढपाळ थांबला होता. मुंडाशाखालचा कान त्याने पुढे केला होता. साळूबाईही अशीच थांबली होती. आधी थांबली होती, आणि मग धावली होती.

प्राचीन वैयाकरणांनी आणखी एका क्षणाला स्फोट म्हटले आहे. ध्वनी येतो आणि विरतो. एक अक्षर जाते, दुसरे येते, तेही जाते. हाती काहीच उरत नाही. आणि तरी त्या विरण्याच्या अखेरीस ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ एकदम, अखंड, लख्ख उजळतो. त्या उजळण्याला त्यांनी हे नाव दिले. त्याला धूर नाही, धग नाही. तो माळावरच्या एका अनोळखी माणसाच्या कपाळामागे होतो, आणि दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

पण यल्लाप्पाला तो दिसला.

मेंढपाळाने काठी आडवी धरली. दोन बोटे तोंडात घालून काहीतरी केले, आणि पुढची मेंढी फिरली. तिच्यामागची फिरली. मग तो सारा लोकरीचा, धुळीचा, शिंगांचा प्रवाह वाकला, वळला, स्वतःवरच दुमडला आणि उतरणीवरून खाली ओघळू लागला, एकामागून एक, एकामागून एक, घळीच्या सावलीत. मेंढपाळ त्यांच्यामागून उतरला. तेवढे एक कोकरू घळीच्या काठावर मागे राहिले होते; ते क्षणभर घुटमळले, आणि तेही फिरले.

मग जमीन हलली. माती उठली, उंच झाली, उन्हात सोनेरी झाली. आणि सावकाश, फार सावकाश, रिकाम्या वाटेवर येऊन निजली.